पोतनीसांची हरकत

शरच्चंद्र पोतनीसांना उज्जैनीत आता कोणी गढीचं विचारत नाही. चुकून कोणी विचारलंच तर "ऊन काय पडलंय" असं काहीतरी पुटपुटून ते पुढे सटकतात. याच माणसापुढे दोन वर्षांपूर्वी नुसता 'गढी' हा शब्द काढायचा अवकाश, की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. फ्रीगंजातली मराठी मंडळी त्यांना लांबून येताना बघून गल्ली बदलायची. "पळा, आले विक्रमादित्य" म्हणायची. आता तीच मंडळी थांबतात, त्यांचा हात हातात घेतात, मधुरा कशी आहे विचारतात, आणि त्यांची पाठ वळली की म्हणतात, बिचारे. हा 'बिचारे' शब्द फार वाईट. त्यापेक्षा शिवी परवडली, शिवीला निदान उलट उत्तर देता येतं.

मधुरा त्यांची मुलगी. तिचं पुढे येईलच. आधी गढी.

गढी म्हटल्यावर रायगड-सिंहगड डोळ्यांपुढे आणू नका. माळव्यात तेवढे डोंगर आणायचे कुठून? देवास गेटच्या स्टँडवरून बस पकडली की तासाभराच्या वाटेवर काळ्या दगडाची एक टेकडी लागते. अंगावर सीताफळाची झुडपं, माथ्यावर तीन बाजूंनी पडका तट, दरवाजाची एक कमान आणि आत नुसतं रान. चौथी बाजू उघडी. तिथे तट पडला नाही, तिथे तो कधी नव्हताच. म्हणून लोक तिला अधुरी गढी म्हणतात. त्या उघड्या बाजूला, जिथे बुरूज असायला हवा तिथे, कमरेएवढा एक दगड वर्षानुवर्षांचा शेंदूर अंगावर घेऊन उभा होता. ती आडमाता. जिथे भिंत नाही तिथे जी आड उभी राहिली, ती.

कहाणी अशी. राजा विक्रमाने वेताळाला सांगितलं, एका रात्रीत मला गढी बांधून दे. वेताळ म्हणाला, देतो, पण कोंबडा आरवला की माझा हात थांबला. तीन बाजू झाल्या. चौथीचा पहिला दगड उचलला आणि खालच्या गावात कुठल्या तरी अवसानघातकी कोंबड्याने बांग दिली. वेताळ दगड टाकून चालता झाला. सकाळी राजा येऊन बघतो तर गढीला एक बाजूच नाही. शत्रू तर उंबऱ्यावर आलेला. राजा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा तिथे गवत कापायला आलेली एक म्हातारी म्हणाली, रडतोस कशाला बाबा, मी बसते इथे. बसली ती बसलीच. शत्रू आला, त्याला त्या बाजूला आभाळाएवढी भिंत दिसली, आणि तो आल्या पावली परत गेला. म्हातारीचा दगड झाला. दगड होताना एवढंच बोलली: मला कोणी हात लावू नका. हात लागला की मी उठले, आणि मी उठले की हात लावणाऱ्याच्या घरचा पाळणा रिकामा.

म्हणून तिचा भोपा, म्हणजे पुजारी, बांबूच्या टोकाला चिंधी बांधून शेंदूर-तेल लावायचा. बायका ओटी लांबून ठेवायच्या. पोराबाळांना आया पदराला धरून उभ्या करायच्या. बाकी जोडकहाण्या होत्याच. राज्य सोडून निघालेला राजा भर्तृहरी इथल्या कमानीखाली टेकला होता म्हणे. उज्जैनीच्या आसपास अशी एक टेकडी दाखवा जिथे भर्तृहरी टेकला नाही! भुयारही होतं, ते थेट क्षिप्रेला निघायचं, कोणी आत गेलं नव्हतं ते सोडा.

पोतनीसांना हे सगळं तोंडपाठ. पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट घरचीच होती. शिंदे सरकारचा अंमल माळव्यात बसला तेव्हा गढीवर एक छोटं ठाणं आलं, आणि त्या ठाण्यावर त्यांचे मूळपुरुष राघोपंत कारकून म्हणून आले. पुढे वरून हुकूम सुटला, चौथी बाजू बांधून काढा, मधला तो दगड काढून टाका. ठाणेदार कामाला लागला. राघोपंत म्हणजे मान खाली घालून लिहिणारा माणूस, आयुष्यात कोणाला 'का' म्हणून विचारलेलं नाही. तो त्या दिवशी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी हरकत आहे." झालं. हरकत वर गेली, हुकूम फिरला, देवी राहिली. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की पोतनीसांच्या घरात ही गोष्ट सांगितली जायची, आणि शेवटचं वाक्य घरातला सर्वांत मोठा पुरुष उभा राहून म्हणायचा. हसू नका. प्रत्येक घराचं काहीतरी असतं.

आता उज्जैनच्या मराठी घरातली बोली कशी असते? "अहो, चाबी कुठे ठेवली?" "अलमारीत बघ." दूधवाल्याशी हिंदी, देवाशी मराठी, भांडण रंगलं की दोन्ही. हिंदीत 'हरकत' म्हणजे आगळीक, वाह्यात कृत्य, हे पोतनीसांना माहीत नव्हतं असं नाही. समोरच्या घरातली बाई नातवाच्या नावाने दिवसभर ओरडायची, "इसकी हरकतें देखो". पण ती हिंदीतली हरकत वेगळी आणि राघोपंतांची वेगळी. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदत होत्या, सख्ख्या जावांना एकमेकींचं तोंड बघायची वेळच आली नव्हती.

पोतनीस स्वतः राघोपंतांच्या वळणावर गेलेले. सरकारी बँकेत नोकरी, फ्रीगंजातल्याच शाखेत खिडकीमागे जन्म काढला. बढती दोनदा चालून आली, दोन्हीदा नको म्हणाले, कारण बढतीबरोबर बदली येते आणि बदली झाली तर गढी सुटते. त्यांची बायको विनोदिनी हे कधी विसरल्या नाहीत. "लोकांच्या नवऱ्यांना बाई नाहीतर बाटली, आमच्यांना दगड," असं त्या हळदीकुंकवाला बिनदिक्कत सांगायच्या. पण रविवारी डबा भरून द्यायच्या, आणि नवरात्रात स्वतः गढी चढायच्या. तक्रार करणं हे खातं त्या घरात त्यांच्याकडे. पोतनीस हॉटेलात भाजी आंबलेली निघाली तरी गुपचूप खाऊन उठणारे. "एकदा तरी म्हणा हो, हे मला चालणार नाही," असं विनोदिनी म्हणायच्या. पोतनीस म्हणायचे, "जाऊ दे ना."

गढीवर मात्र त्यांना मान होता. भोपा भेरूलाल त्यांच्याच वयाचा, दोघं लहानपणापासूनचे दोस्त. पोतनीसांचे वडील ओटी घेऊन चढत तेव्हा भेरूलालचा बाप बांबू घेऊन पुढे असायचा. आता हे दोघं. शहरातून कोणी आलं की भेरूलाल म्हणायचा, कहाणी साब सांगतील, मला पूजा येते, कहाणी साबांची. आणि पोतनीस कमानीपाशी उभे राहून सांगायचे तेव्हा बँकेतला तो खिडकीमागचा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. खणखणीत आवाज, हातवारे, कोंबड्याची बांगसुद्धा काढायचे. माणसाला एवढीशी एक जागा लागते हो, जिथे तो कोणीतरी असतो. पोतनीसांची ती होती.

मधुराचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. ती आणि नवरा मंदार इंदूरला. डॉक्टर झाले, उपास झाले, टोमणे झाले. शेवटी विनोदिनींनी एका नवरात्रात आडमातेपुढे पदर पसरला. दिवाळीनंतर मधुराचा फोन आला, "आई, राहिलंय." त्या दिवशी विनोदिनींनी प्रथमच नवऱ्याला म्हटलं, "तुमची देवी आहे हो खरी." पोतनीस इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

आणि त्याच थंडीत टेकडीवर खुणेचे चुन्याचे पट्टे पडले.

सिंहस्थ जवळ येत होता. जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते, आणि रस्त्याला गिट्टी, म्हणजे खडी, लागते, आणि गिट्टी काळ्या दगडाची लागते. टेकडी खोदायचं ठरलं. उघड्या बाजूनेच, कारण तिथे पाडायला तट नाही. गावात बैठकी झाल्या. पक्का रस्ता, खाली हमरस्त्यालगत देवीचं नवं देऊळ, फरशी, नळ, म्हातारीकोतारींना चढायला नको. एकेक माणूस 'हो' म्हणत गेला. भेरूलाल एकटा 'हो' म्हणाला नाही, पण 'नाही' म्हणायचीही त्याची छाती झाली नाही, त्याला त्याच गावात राहायचं होतं. तो बसने उज्जैनीला आला, पोतनीसांच्या खोलीत सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "साब, तम बोलजो. तमारी बात सुनेगा." तहसीलदारसाहेब स्वतः वर येणार होते. देवी उचलण्याआधी सगळ्यांसमोर विचारणार होते, कोणाला आपत्ति, म्हणजे आपल्या मराठीतली हरकत, आहे का. एकानेही आपत्ति घेतली तर काम थांबवून चौकशी करावी लागेल, असं भेरूलालला कोणीतरी सांगितलं होतं.

म्हणजे एक वाक्य बोलायचं होतं. पोतनीसांना त्या रात्री झोप लागली नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. राघोपंतांचा दिवस इतक्या पिढ्यांनी त्यांच्या वाट्याला आला होता.

सकाळी विनोदिनींनी स्वेटर दिला. "बोलाल ना?" त्यांनी विचारलं. "बोलेन." "मान खाली घालू नका." बसमध्ये पोतनीस मनातल्या मनात घोकत होते, मुझे आपत्ति है, मुझे आपत्ति है. शब्द हिंदीच हवा होता, साहेब रीवाकडचे, त्यांना मराठी कुठली कळायला. शेजारचा प्रवासी म्हणाला, "बाबूजी, जप कर रहे हो?" पोतनीस हो म्हणाले.

वर पोचले तर भेरूलाल एकटाच देवीपाशी बसलेला. खोदायचं मशीन आधीच चढवून ठेवलं होतं, देवीपासून चार हातांवर, चालक आत बसून बिडी ओढत होता. गाव सगळं खाली. रामघाटावरून बोलावलेले पंडितजी खाली आले होते, तहसीलदारसाहेब यायचे होते. भेरूलाल म्हणाला, "पंडितजी को ले आता हूँ, उनसे चढ़ा नहीं जाएगा. तब तक माता तमारे भरोसे." आणि तो खाली उतरला.

त्यानंतर जे झालं ते बघायला तिथे पोतनीस आणि तो मशीनवाला, दोघंच होते.

मशीनवाल्याला बहुतेक वाटलं, साहेब यायच्या आत बाजूची झुडपं काढून जागा करून ठेवावी. त्याने मशीन चालू केलं. पोतनीस ओरडले, "अरे, रुको, अभी नहीं." आवाजात काय ऐकू जाणार? लोखंडी पंजाने झुडूप धरलं, मुळांसकट उपसलं, आणि मुळांबरोबर देवीच्या पायथ्याची माती निघाली. दगड हलला. पुढे कलला. पुढे उतार होता.

पोतनीस धावले. त्यांनी विचार केला नाही. समोर कोणाची आई जिन्यावरून तोल जाऊन पडत असली तर माणूस विचार करतो का? दोन्ही तळवे त्यांनी दगडावर टेकले आणि अंगाचा सगळा भार लावला. कुठे तो दगड आणि कुठे हा बँकेतला म्हातारा. क्षणभर, नुसता क्षणभर ती थांबली, असं ते पुढे सांगायचे, कोणी ऐकत होतं तोवर. मग त्यांचे पाय घसरले, ते बाजूला पडले, आणि आडमाता गडगडत उतारावरच्या खडकावर जाऊन आदळली. दोन तुकडे झाले. आतून दगड साधाच निघाला, काळा.

मशीनवाल्याने मशीन बंद केलं, खाली उडी मारली आणि मागच्या बाजूने झुडपात पळून गेला. आवाज ऐकून गाव वर धावलं. पुढे भेरूलाल, मागे पंडितजींना हाताला धरून दोघं जण, त्यांच्यामागे धापा टाकत तहसीलदारसाहेब. सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच: मशीन बंद, मशीनमध्ये कोणी नाही, देवी फुटलेली, आणि तिच्याशेजारी पोतनीस उभे, कोपरापर्यंत हात शेंदराने लाल.

बायकांनी रडायला सुरुवात केली. पोतनीसांच्या कानात नुसतं घूं घूं चाललं होतं. त्या आवाजातून त्यांना एकच गोष्ट आठवत होती, मला बोलायचंय, साहेब आले की बोलायचंय, आत्ताही बोललो तर निदान उरलेली टेकडी वाचेल. तहसीलदारसाहेब पुढे आले, तुकड्यांकडे पाहिलं, संतापून गावाकडे वळले आणि म्हणाले,

"यह किसकी हरकत है?"

हरकत. बसमधला घोकलेला 'आपत्ति' जो उडाला तो उडालाच. पोतनीसांच्या कानावर पडला तो दसऱ्याचा शब्द. कोणाची हरकत आहे, साहेब विचारत होते. अखेर विचारत होते. ते पुढे झाले. मान वर केली. लाल हात छातीशी धरून, कमानीखाली कहाणी सांगायचे तसल्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, "मेरी हरकत है. लिख लीजिए. शरच्चंद्र पोतनीस. मेरी हरकत है."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस चारचौघांत ठामपणे बोलला, आणि हे बोलला. कपाळ फुटायचं तर असं.

तीन-चार मोबाइल वर झाले होते. पोतनीसांना वाटलं, आपल्या बोलण्याचा परिणाम झाला, आणि एका अर्थी झालाच होता. मग भेरूलाल जवळ आला. तो ओरडला नाही, रडलाही नाही. "तमने यो कईं कर्यो, साब," हे काय केलंत, एवढंच म्हणाला, आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिला. त्या नजरेने पोतनीसांच्या डोक्यातली हिंदी जागी झाली. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं.

सांगायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. तिथेच केला. मराठीत हरकत म्हणजे आपत्ति, साहेब. मी धरायला गेलो, मशीनने माती काढली. कंत्राटदाराच्या माणसाने शांतपणे सांगितलं की मशीन सकाळपासून चालूच केलं नव्हतं. चालक? तो तर कालच दुसऱ्या साइटवर गेला. भेरूलालने त्याला सकाळी बिडी ओढताना पाहिलं होतं, पण भेरूलालला त्याच गावात राहायचं होतं. गावातला एक तरुण म्हणाला, "सारी उमर बैंक में हिंदी बोली अंकल, आज मराठी याद आ गई?" लोक हसले. फुटलेल्या देवीपुढे उभं राहून हसले. तहसीलदारसाहेबांनी वयाकडे बघून प्रकरण वाढवलं नाही. दिमाग चल गया है बुज़ुर्ग का, असं म्हणाले आणि त्यांना गाडीतून देवास गेटला सोडायला सांगितलं. पोलिसांनी पकडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणीतरी जबाब घेतला असता.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत उज्जैनभर झाला. त्यात मशीन नाही, माती नाही, धावणं नाही. नुसता एक म्हातारा, लाल हात, आणि 'मेरी हरकत है'. मराठी मंडळींना खरा अर्थ कळला, आणि ती तर पोट धरधरून हसली. "पोतनीस, अहो कुठला शब्द कुठे!" म्हणाली. पण त्यांच्या हसण्याने गावात काय फरक पडणार होता? पोतनीस तीनदा गावाला गेले. पहिल्यांदा भेरूलाल शेतावर होता. दुसऱ्यांदाही शेतावर होता. तिसऱ्यांदा त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "साब, मत आया करो. बच्चों वाला घर है."

मधुराचं पाचव्या महिन्यात गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मंदारला आणि विनोदिनींना बसवून नीट समजावून सांगितलं. असं होतं, कोणाची चूक नसते, पुढच्या वेळी काळजी घेऊ. विनोदिनींनी मान डोलावली. इंदूरहून घरी आल्या, आंघोळ केली, स्वयंपाक केला. पोतनीस पानावर बसले तेव्हा त्यांनी वाढलं, आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्या ओरडल्या असत्या, नेहमीसारख्या बोलल्या असत्या, दगडाच्या पायी माझ्या लेकीचं वाटोळं केलंत म्हणाल्या असत्या, तर पोतनीसांनी ऐकून घेतलं असतं. पण तक्रारीचं ते जुनं खातंच बंद झालं. घरात दिवसेंदिवस फक्त "भाजी कुठली आणू" आणि "कुठलीही" एवढंच बोलणं व्हायचं. मधुरा फोन करायची तो आईला. बाबांनी घेतला की म्हणायची, "आई आहे का?"

आणि पोतनीस? शिकलेला माणूस, बँकेतला. शाप वगैरे थोतांड, कहाणी कहाणीच्या जागी, असं ते कमानीखाली उभं राहून शहरातल्या पाहुण्यांना नेहमी सांगायचे. आता दुपारी पडल्या पडल्या ते आपले तळवे डोळ्यांसमोर धरून बघायचे. शेंदूर केव्हाच गेला होता. तरी ते बाथरूममध्ये जाऊन हात धुऊन यायचे.

वर्षभराने, चैत्राच्या नवरात्रात विनोदिनी म्हणाल्या, "मी देवीला जाऊन येते. मधुरासाठी." पोतनीस म्हणाले, "मीही येतो." त्या नको म्हणाल्या नाहीत. बसमध्ये शेजारी बसल्या, खिडकीबाहेर बघत राहिल्या.

टेकडी अर्धी गेली होती. जिथे उघडी बाजू होती तिथे आता सरळ कापलेला कडा. कमान अजून उभी होती, पण तिच्यापर्यंत जायची वाट राहिली नव्हती. खाली हमरस्त्याला लागून नवं देऊळ, गुळगुळीत फरशी, रंगीत दिव्यांच्या माळा, नारळाची दुकानं. आत देवी. दोन तुकडे सिमेंटने जोडून शेंदूर थापलेला, चांदीचे डोळे बसवलेले. आणि लोक तिला हात लावत होते. रांग लावून, एकेक जण पुढे होऊन, दोन्ही तळवे तिच्या पायथ्याशी टेकवून मग डोळ्यांना लावत होता. लेकुरवाळ्या बायका पोरांचं डोकं तिच्यावर टेकवत होत्या.

भेरूलाल गाभाऱ्याच्या दाराशी उभा राहून कहाणी सांगत होता. आता कहाणीही त्यालाच सांगावी लागत होती. सगळी होती तीच, विक्रम, वेताळ, कोंबडा, म्हातारी. आवाज काढायची पोतनीसांची ढबही त्याने उचलली होती. पण शेवट नवा होता. एक शहरातला बाबू होता, भेरूलाल सांगत होता, मातेचा जुना भक्त, मातेने ज्याच्यावर भरोसा ठेवला तो. त्यानेच हात लावला. माता उठली, आणि जे घ्यायचं ते त्याच्या घरातून घेऊन शांत झाली. तिचा कोप त्या एकावर उतरला, म्हणून आता ती सगळ्यांसाठी मोकळी. या, हात लावा, घाबरू नका.

पोतनीस पायऱ्यांखाली उभे होते. भेरूलालची नजर त्यांच्यावर पडली. तो थांबला, मग विनोदिनींकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तम आवो भीतर. साब को वहीं रहने दो."

विनोदिनींनी पायातल्या चपला काढल्या. एक पायरी चढल्या आणि वळल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"मला माहीत आहे, तुम्ही पाडलं नाही," त्या म्हणाल्या. "धरायलाच गेलात. तो मेला शब्द तुमच्या तोंडून कसा गेला तेही मला कळतं, दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी. सगळं माहीत आहे. पण हात लावलात ना?"

पोतनीसांना खूप बोलता आलं असतं. ती पडत होती. मी नसतो तर कोण होतं. दगड आहे अगं तो, आतून काळा, मी पाहिलाय.

"हो," ते म्हणाले.

"पडू द्यायची होती," विनोदिनी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पदर डोक्यावरून घेऊन त्या आत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या.

पोतनीस चपलांपाशी थांबले. ऊन चढत होतं. एका जीपमधून बायकांचा जथा उतरला, त्यातली एक जाडशी बाई हातात नारळ घेऊन घाईघाईने आली आणि चपला काढता काढता त्यांना म्हणाली, "कहानी हो गई क्या, बाबूजी? हमेशा आधी छूट जाती है मेरी. वो हाथ लगाने वाला जो था, उसका क्या हुआ?"

पोतनीसांनी तिच्याकडे पाहिलं. "उसकी बेटी का बच्चा नहीं रहा," ते म्हणाले.

"अच्छा हुआ," बाई म्हणाली. "माता को हाथ लगाएगा तो और क्या होगा."

"हाँ, बाई," पोतनीस म्हणाले, आणि ती आत जाईपर्यंत तिच्यासाठी बाजूला सरून उभे राहिले.